मामांच्या गालाचा खून

समस्त सोयऱ्याधायऱ्यांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, अड्याळच्या माझ्या मामांचा उजवा गाल माझ्या हातून मारला गेला. मामा ठणठणीत आहेत. नुसता गाल गेला.

मामांना भिंतीवर लावायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवायचा होता. त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो ऐनवेळी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापावा लागला होता. आजही हाराखाली त्यांच्या खांद्यावर भलत्याच बाईचा हात दिसतो.

"माहा तसा नोको करू," मामांनी बजावलं. "लोकाईनं पायताबरोबर ओळखलं पायजे."

मी नवा कॅमेरा घेऊन गेलो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा माल, कार्डावर फार जागा खाते म्हणून फोटो नुसत्या आटोपशीर जेपीईजीत काढला. घरी येऊन फोटो लॅपटॉपवर घेतला, कार्ड रिकामं केलं आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात 'चेहरा सुधारा' अशी कळ होती. दाबली. अहाहा! त्याच फाइलवर सेव्ह केलं, मोठा प्रिंट काढला, फ्रेम केली आणि अड्याळला हजर.

मामांनी फ्रेम पाहिली. मग आरशात पाहिलं. मग गालावरून हात फिरवला. तरुणपणी मोहफुलं वेचताना अस्वलानं मारलेल्या पंजाच्या तीन रेघा, ज्यांची गोष्ट ऐकवल्याशिवाय मामा पाहुण्याला चहा पिऊ देत नाहीत, त्या फोटोत नव्हत्याच. गाल लोण्यासारखा!

"अस्वल कुठी गेलं गा?"

"सॉफ्टवेअरनं साफ केलं, मामाजी."

"मंग आन वापस!"

मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि मूळ फोटो शोधू लागलो. पण तो होताच कुठे? त्याच्या छातीवर मी नवा बसवला होता. रॉ काढला असता, तर कितीही कळा दाबल्या तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहिली असती. ऊन, पाऊस, म्हातारपण, कुणालाच न पुसता आलेलं ते मी एका बोटानं पुसलं!

पुन्हा खुर्ची अंगणात आली. या वेळी रॉ लावला. कार्ड भरलं तर भरो. मामा गाल इतका पुढे करून बसले की नाक मागे राहिलं.

निघताना मी हळूच विचारलं, "मामी, ही फ्रेम ठेवू का इथं? तशी चांगली आहे."

मामी चुलीपाशून ओरडल्या, "ने बापा वापस! उद्या काही झालं त परक्या मानसाले मी कायले हार घालू?"