बाबांचं लिंबू

आज सकाळी बाहेर उणे तीस तापमान होतं. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी गोठली होती आणि काचेच्या आत, कुंडीतल्या झाडावर एक लिंबू पिकून पिवळं झालं होतं.

झाड बाबांचं. आई गेल्यावर मी त्यांना कॅनडाला घेऊन आले. जन्मभर बागेत राबलेला माणूस इथे घरात बसून गप्प झाला. मग मी नर्सरीतून लिंबाचं रोप आणून दिलं. त्याला फुलं आली, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, घरात मधमाश्या कुठून येणार?"

"मग मी होतो मधमाशी," ते म्हणाले आणि नातीचा रंगाचा ब्रश घेऊन फुलाफुलांवरून हळुवार फिरवू लागले.

दोन हिवाळे फळं मिरीएवढी होऊन गळाली. बाबा रोज नव्या उमेदीने कुंडी उन्हाच्या कवडशाकडे सरकवत राहिले. माणसाला जगायला कुणीतरी आपल्यावर अवलंबून असावं लागतं, हे त्यांना बघताना मला कळलं.

आज त्यांनी लिंबू स्वतः तोडलं, पोह्यांवर पिळलं आणि पहिला घास खाऊन गावाकडच्या मित्राला फोन लावला. कित्येक महिन्यांनी त्यांचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "अरे, कॅनडात लिंबाची बाग लावलीय मी."