तांब्याभर पाणी

आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. सासऱ्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच नवस, शकुन, अपशकुन सगळं घराबाहेर गेलं, आणि आमचे हे तर त्यांच्याही पुढचे. मांजर आडवी गेली म्हणून रस्त्यात कुणी थांबलं की हे मुद्दाम पुढे जायचे आणि वरून ऐकवायचे, "मांजरीले तिचं काम आहे गा, तुले आहे का काही?" अशा माणसाने मेलेल्या माशांपायी ऑपरेशनची तारीख मागे ढकलली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

झालं असं, की यांच्या हृदयाची एक झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. तोवर घरात बसून राहायचं. जिना चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही. पेपर वाचून झाला की हे भिंतीकडे पाहत बसायचे. मुलगी पुण्याला असते, तिने फिश टँक घेऊन दिला. म्हणाली, बाबांचं मन रमेल. जवळच्या दुकानदाराने येऊन काचेची पेटी मांडली, काही दिवस नुसती पाण्याने भरून चालू ठेवली आणि मग मासे सोडले. काळ्या मोली, पंख्यासारख्या शेपटीचे गप्पी, दोन एंजल, आणि काच साफ ठेवायला पिवळ्या गोगलगायी. आणि खरंच सांगते, मन रमलं हो. एक मोली सारखी बाकीच्यांच्या मागे लागायची. हे म्हणायचे, "हे तुह्यावरच गेली वं. कोणाले बसू देत नाही."

आधी गोगलगायी गेल्या. तळाशी उलट्या पडलेल्या, आम्हाला वाटलं झोपल्या असतील. आता गोगलगाय झोपते कशी हे आम्हाला काय माहीत! मग गप्पी. सकाळी एक कोपऱ्यात तरंगताना दिसायचा, दुपारी दुसरा धापा टाकल्यासारखा वर यायचा.

मी दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, पेटी नवीन आहे काकू, पाणी मुरायला वेळ लागतो. दाणे कमी टाका. कमी टाकले. मग म्हणाला, नळाच्या पाण्यात औषध असतं, ते बादलीत एक दिवस उघडं ठेवूनच वापरा. तेही केलं, न्हाणीघरात पाय ठेवायला जागा उरली नाही एवढ्या बादल्या. मग थंडीचा संशय आला. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे हात गारठतात, तर म्हटलं या बिचाऱ्यांचं काय होत असेल. हीटर आणला. मासे उबेत मरायला लागले, एवढाच फरक.

मी दुकानदारापासून काही लपवलं नव्हतं. दाणे कोणते, पाणी कधी बदलते, आणि हे रोज सकाळी वरून अर्धा तांब्या पाणी टाकतात, तेही सांगितलं. "टाकू द्या ना काकू," तो म्हणाला, "तेवढं ताजं पाणी चांगलंच असते." मुलीलाही फोनवर तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, तांब्याभर पाण्याने काय होणार आहे आई?

तेवढ्यात शेजारीण आली. मनाने चांगली बाई, पण तोंडाला लगाम नाही. पेटीत मेलेला गप्पी पाहून म्हणते कशी, "ताई, तुम्ही काहून वाईट वाटून घेता? घरच्या माणसावर आलेलं मासे आपल्या अंगावर घेतात. भाऊंवरचं टळलं समजा."

मी हसून यांच्याकडे पाहिलं. म्हटलं आता हिची खैर नाही. पण हे काही बोललेच नाहीत. ती गेल्यावर हळूच विचारलं, "किती उरले वं?"

 मासे मेले त्याहून या प्रश्नाची मला जास्त भीती वाटली. त्यानंतर हे पेटीपुढे बसायचे ते बघत नव्हते, मोजत होते. जेवण अर्ध्यावर सोडायचे. मुलीने फोन करून सांगितलं, दवाखान्यातून तारीख मिळाली आहे, तर म्हणाले, "आत्ता नको. पुढच्या महिन्यात पाहू." मी रागावले. म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं, ऐकलं नाही का तुम्ही? तर पेटीकडे बोट करून म्हणाले, "हे संपले तर मंग माह्यावरचं घ्याले कोण आहे?"

साऱ्या मोहल्ल्याला शहाणपण शिकवणारा माणूस! मला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी मोली गेली, तीच, भांडखोर. मी तरातरा दुकानात गेले आणि म्हटलं, असेल नसेल ते औषध दे. त्याने एक निळी बाटली काढली आणि देता देता थांबला. "गोगलगायी आहेत का अजून?"

"त्या कवाच मेल्या. काहून?"

"तसं असन तर चालते. याच्यात तांबं असते ना, गोगलगायी मरतात त्यानं. जास्त पडलं तर मासेबी जातात."

बाटली तशीच काउंटरवर राहिली. तांबं! आता बघा, आपण मराठी माणसं स्टीलच्या लोट्यालाही तांब्याच म्हणतो. म्हणून मी तांब्या म्हटलं की दुकानदाराने लोटा ऐकला, घरातला तांब्या पाहत वाढलेल्या मुलीनेही लोटाभर पाणीच ऐकलं. पण आमच्याकडचा तांब्या खरोखर तांब्याचा. लग्नात माझ्या आईने इतवारीच्या बाजारातून घेतलेला, जड, आणि मी तो चिंच-मीठ लावून लखलखीत ठेवते. हे झोपताना त्यात पाणी भरून ठेवतात, सकाळी अर्धं पितात. कितीतरी वर्षांची सवय. आणि उरलेलं पाणी, वाया कशाला घालवायचं, प्रकृतीला चांगलं म्हणून माशांना देत होते. रोज. आपल्या वाट्यातलं.

मुलीला सांगितलं तर ती घाबरली. "आई, बाबांना सांगू नकोस. आपल्या हातून मेले म्हटल्यावर त्यांना काय वाटेल? तांब्या लपव." मला पटलं. पेटीतलं बरंचसं पाणी बदललं, तांब्या तांदळाच्या डब्यामागे सरकवला आणि उशाशी स्टीलचा ठेवला.

सकाळी पहिला प्रश्न. "माहा तांब्या कुठं गेला?"

"घासायला काढला."

"रातच्याले?"

मी आयुष्यभर यांच्याशी खोटं बोलायला शिकले नाही. बसले बाजूला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना नजर यांच्या छातीकडे, श्वास कसा चालतो तिकडेच. हे उठून पेटीजवळ गेले. आत एकच एंजल उरला होता. काचेवर हात ठेवला.

"म्हणजे मीच मारले," म्हणाले.

"तुम्ही चांगल्यासाठी दिलं."

"ते त्याइले काय माहीत?"

 मग यांनी वळून विचारलं, "शेजारणीले सांगितलं का तू हे?"

"नाही."

"सांग तिले. नाही तं ते बाई मासे माणसाले वाचवते म्हणून साऱ्या मोहल्ल्यात सांगत सुटन." आणि खुर्चीत बसत, धाप लागलेली, तरी त्याच जुन्या आवाजात, "पोरीले फोन लाव. कोणती तारीख म्हणत होती?"

परवा भरती व्हायचं आहे. मुलगी येऊन पोहोचली, पिशवी भरून झाली. यांनी तांब्या परत मागून घेतला, पण उरलेलं पाणी आता खिडकीतल्या मोगऱ्याला जातं. एंजल एकटाच फिरतो आहे.

आणि मी रोज उठल्यावर यांच्याकडे पाहायच्या आधी पेटीकडे पाहते. तो हलताना दिसला की मगच चहा ठेवते. हे यांना अजून कळलेलं नाही. कळलं तर मला मांजरीची गोष्ट ऐकावी लागेल, आणि घरी परत येऊन त्यांनी ती ऐकवावी, एवढंच मला पाहिजे आहे.