रेहानाला दिलेला सल्ला

वकिलाला लोक आपली सगळी घाण आणून दाखवतात. माझी मी आजवर कुणाला दाखवली नाही—नवऱ्यालाही नाही. लेकीला अर्धी ठाऊक आहे, पण त्यावर आम्ही कधी बोलत नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का? ते मलाही नीटसं माहीत नाही.

आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात, नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. रेहाना उदगीरची, एकोणीस वर्षांची. तिथे कॉलेज करता करता सरकारी परीक्षांचा अभ्यास करायची. पूर्वी गरजू मुलं वार लावून जेवायची ना, तसा आमच्याकडे तिचा रविवार ठरलेला. त्याचं मी किती कौतुक करून घेतलं! गणपती मंडळात, कोर्टात, जिथे तिथे—आमच्याकडे एक मुलगी जेवायला असते हो, हुशार आहे, मुसलमान आहे. हे शेवटचं मी मुद्दाम सांगायची. आता आठवलं की शिसारी येते.

एका रविवारी जेवणं झाल्यावर रेहाना आणि माझी इरा ऑटोने बाजारात निघाल्या. इरा सतरा वर्षांची. वाटेत पोलिसांनी ऑटो थांबवला, दोघींच्या मध्ये ठेवलेली कापडी पिशवी उघडली. तळाशी गांजाची पुडी—चिमूटभर म्हणा. मी ठाण्यात पोचले तेव्हा इरा रडत होती. मला बघताच म्हणाली, "आई, माझी आहे. रेहानाताईला माहीतच नव्हतं."

समोरच्या सब-इन्स्पेक्टरला मराठी कळत नव्हतं. आणि मी—

थांबा. आधी कायदा सांगते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. इरा अठराच्या आतली. एवढ्याशा पुडीसाठी तिच्यावर एफआयआरसुद्धा होत नाही. डायरीत नोंद, मग बाल न्याय मंडळ. तिथे समज देतात, समुपदेशनाला पाठवतात, घरी सोडतात. पुढे कागदही नष्ट करतात. कायद्याने माझ्या लेकीला हात धरून घरी आणून सोडलं असतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला मात्र मोठ्यांचं कोर्ट. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

मग भीती कसली होती? क्वार्टरमधल्या बायका काय म्हणतील याची. बस, एवढीच.

मी रेहानाकडे वळले आणि मराठीत, धीर दिल्यासारखं, सांगितलं की इराला सुधारगृहात टाकतील, तिचं आयुष्य जाईल. तू पुडी तुझी आहे म्हण, तुझं काही बिघडत नाही, किरकोळ दंड होईल, मी वकील आहे ना. वकील होते, म्हणूनच तर तिला खरं वाटलं. कायदा मी तिला उलटा करून सांगितला.

"मैडम, किसका है ये?" सब-इन्स्पेक्टर विचारत होता. रेहानाने इराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेरा है," म्हणाली. त्याने तिचं नाव विचारलं, ऐकलं, आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही. तो विचारणार नाही हे मला माहीत होतं का? होतं. माझी भिस्तच त्यावर होती.

खाल्ल्या मिठाला ती जागली. आणि मी काय केलं? तिचं वकीलपत्र घेतलं! गुन्हा कबूल कर, लवकर मोकळी होशील, म्हणाले. लढली असती तर कदाचित निर्दोष सुटली असती, हे सांगितलं नाही—लढायचं तर इराचं नाव निघालं असतं. दंड झाला. शिक्षेची नोंद राहिली. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी जेवायला आली, आणि मी तिला आग्रह करकरून वाढलं. शी!

तीन-चार वर्षांनी तिची सरकारी नोकरीसाठी निवड झाली. पडताळणीच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता—कोर्टाने तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का? तिने मलाच फोन केला. "मावशी, काय लिहू?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. पुडी इराची होती असं प्रतिज्ञापत्र करता आलं असतं. पण माझी सनद गेली असती. म्हणून मी घसा साफ केला आणि म्हणाले, "बाळ, सरकारी कागदावर खोटं लिहू नये."

तिने 'होय' लिहिलं. नेमणूक रद्द झाली. उदगीरला परत जायच्या आदल्या दिवशी ती भेटायला आली, दारातच उभी राहिली. "मावशी, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत," म्हणाली.

आणि मी म्हणाले, "असू दे गं."