मागच्या गेटातून

माझे सासरे राष्ट्रीय क्रिकेट संघाची बस चालवायचे. हे कळलं की लोकांचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग सामने फुकट बघायला मिळत असतील? खरं तर सामना चालू असताना ते मैदानाबाहेर बसच्या सावलीत वर्तमानपत्र अंथरून पडलेले असायचे. आतून ओरडा आला की काय झालं असेल याचा अंदाज बांधायचे, एवढाच त्यांचा क्रिकेटशी संबंध.

मुळात घाबरट माणूस. ही मी निंदा करत नाही, ते स्वतःच सांगायचे. पालीला घाबरायचे, लिफ्टला घाबरायचे, आणि बस इतकी जपून चालवायचे की ब्रेक लागला तरी हातातल्या कपातला चहा हिंदकळू नये. डेपोत त्यांचं नाव हळूकाका पडलं. पुढे खेळाडूही तेच म्हणू लागले.

त्यांच्या कंपनीला क्रिकेट मंडळाचं काम मिळालं, त्याच सुमारास वीस षटकांच्या विश्वचषकाचं वेड सुरू झालं. चषक दरवेळी परदेशात. त्यामुळे आमच्या संघाने तिथे काय दिवे लावले, याचा खरा पत्ता सासऱ्यांना लागायचा तो विमानतळावर, संघाला आणायला गेल्यावर.

पहिल्या वेळी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि थोडक्यात हरला. तरी लोकांनी डोक्यावर घेतलं. काचेवर एवढी फुलं पडली की वायपर लावून बाजूला करावी लागली. दुसऱ्या वेळी पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला, तोही अशा संघाकडून हरून, ज्याचे निम्मे खेळाडू नोकरीवर रजा टाकून आले होते. तेव्हा विमानतळावर थोडीच माणसं होती आणि ती नुसती बघत उभी होती. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं सासरे म्हणायचे. तिसऱ्या वेळी उपांत्य सामना शेवटच्या चेंडूवर हातातून गेला. बस मालवाहतुकीच्या मागच्या गेटातून काढली, पण तिथेही लोक टपून होते. एक काच फुटली आणि संघाच्या मालिशवाल्याचं कपाळ फाटलं. माझ्या सासूबाई दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत कामाला होत्या. त्याला टाके पडताना ट्रे त्यांनीच धरला होता. 

गंमत अशी की घरच्या मैदानावर, दोन देशांच्या मालिकेत, हाच संघ भल्याभल्यांना पाणी पाजायचा. चषक म्हटला की मात्र हातपाय गळायचे. असं का, याचं उत्तर पेपरवाल्यांकडे रोज नवं असायचं. सासऱ्यांचं एकच होतं. पोरं घाबरतात, ते म्हणायचे, आरशात दिसतात मला त्यांची तोंडं.

चौथ्या चषकाच्या वेळी मी लग्न होऊन या घरात आले होते. उपांत्य सामना आम्ही पुढच्या खोलीत एकत्र बसून बघितला. शेवटचं षटक संघातल्या सर्वांत तरुण गोलंदाजाकडे आलं. तो अंगाने किडकिडीत, म्हणून सगळा देश त्याला काडी म्हणायचा. समोरच्यांना इतक्या धावा हव्या होत्या की माझ्या नवऱ्याने आइस्क्रीम आणायला चपलासुद्धा घातल्या. काडीने एक चेंडू थेट बॅटवर दिला, एक कमरेच्या वर टाकला, मग आणखी एक नो-बॉल, आणि बघता बघता सामना हातचा गेला. नवरा चपला घालून तसाच सोफ्यावर बसला. खाली रस्त्यावर काहीतरी मोठं फुटल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता परत ठेवला.

"यांना आणायला मलाच जायचंय," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांना आजारी पडायला सांगितलं. ताप आलाय म्हणा, पाठ धरलीय म्हणा, चिठ्ठी मी आणते. सासऱ्यांनी मान डोलावली. पण संघ यायच्या दिवशी सकाळी बघते तर ते गणवेश घालून बुटांची नाडी बांधत होते, आणि ती काही केल्या बांधली जात नव्हती. सासूबाईंनी खाली बसून ती बांधली. दुसरा ड्रायव्हर नाही का, एवढंच त्यांनी विचारलं.

"आहे ना. पण तो घाबरला की ॲक्सिलरेटर दाबतो," सासरे म्हणाले. "मी घाबरलो की ब्रेक दाबतो."

विमान दुपारचं होतं. टीव्हीवर थेट दाखवत होते, म्हणून मी आणि सासूबाई समोर बसलो. मागच्या गेटाची गुप्त वाट अख्ख्या शहराला ठाऊक झालेली. गेटाबाहेर दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती, मध्ये अरुंद रस्ता, आणि तो माणसांनी गच्च भरलेला. आमची निळी बस गेटातून बाहेर आली, थोडी पुढे सरकली आणि गर्दीत रुतल्यासारखी थांबली. लोक पत्र्यावर हात मारत होते. टीव्हीवरचा माणूस ओरडून काहीतरी सांगत होता आणि नेमकी तिथेच साबणाची जाहिरात लागली. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

बसमध्ये काय झालं ते सासऱ्यांनी नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पडदे ओढलेले होते आणि खेळाडू डोकी खाली घालून बसले होते. काडी सीटवर नव्हताच. तो सासऱ्यांच्या पाठीमागे खाली, दोन बॅगांच्या मध्ये अंग चोरून बसला होता. पहिला दगड पुढच्या काचेवर आला आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या. शेजारी उभा असलेला संघाचा मॅनेजर सारखा म्हणत होता, चालवा, थांबू नका, आपोआप बाजूला होतील. सासऱ्यांचा पाय ब्रेकवर होता. तेवढ्यात डाव्या बाजूचा एक माणूस गर्दीच्या लोंढ्याने ढकलला गेला आणि काचेतून दिसेनासा झाला. पळाला असता तर आरशात दिसला असता. आरशात तो कुठेच नव्हता.

"कुणीतरी खाली गेलंय," सासरे म्हणाले.

मॅनेजरने ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. दार उघडलंत तर सगळ्यांना मारतील, तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, किल्ली खिशात टाकली.  दार हातभर उघडून ते खाली उतरले आणि पाठीमागे ते ओढून लावून घेतलं.

खाली उतरताच कुणीतरी त्यांची कॉलर धरली. ते त्याच्याकडे न बघता गुडघ्यावर बसले आणि बसखाली शिरले. पुढच्या चाकालगत एक मध्यमवयीन माणूस पालथा पडला होता. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा चाकाच्या नटांमध्ये अडकला होता आणि पट्ट्याने त्याची मान ओढली गेली होती. बस वीतभर पुढे गेली असती तर मानच चाकाखाली आली असती. सासऱ्यांच्या बोटांना बक्कल सापडेना. मग ज्याने कॉलर धरली होती तोच माणूस शेजारी आडवा झाला आणि त्याने दातांनी पट्टा ओढून मोकळा केला. दोघांनी मिळून त्या माणसाला बाहेर ओढलं. तो जिवंत होता, खोकत होता, आणि त्याचा चष्मा कुठे गेला हे विचारत होता.

भोवतालचे लोक जरा मागे सरले. पण लांबून आरोळ्या चालूच होत्या, आणि एका दांडगट माणसाने पुढे येऊन विचारलं, काडी कुठल्या खिडकीत आहे.

सासऱ्यांना खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही, असं ते म्हणतात.

"खिडकीत नाही. माझ्या सीटच्या मागे खाली बसलाय. घाबरलाय. मीपण घाबरलोय. माझे हात बघा."

त्यांनी हात पुढे केले. ते पानांसारखे हलत होते. त्या माणसाने हातांकडे बघितलं, मग बसकडे, आणि तो वळला. त्याच्यामागे आणखी काही गेले. सगळे गेले असं नाही. मागून एक दगड आलाच आणि शेवटच्या खिडकीची काच फुटून सांडली. पण पुढे बस जाईल एवढी वाट झाली.

आता सासऱ्यांना वर चढता येईना. पायरी गुडघ्याएवढी, रोजची, आणि पाय उचलेना. तेव्हा दार आतून उघडलं. मॅनेजर नको नको म्हणत असताना काडी पायरीवर उतरला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि त्याने हात दिला. चला, हळूकाका, एवढंच म्हणाला. जाहिरात संपून चित्र परत आलं ते नेमकं हेच, आणि सासूबाई टीव्हीजवळ जाऊन नवऱ्याचा शर्ट रक्ताने भिजलाय का ते बोटाने तपासत राहिल्या.

त्या दिवसानंतर सासरे मोठी बस चालवू शकले नाहीत. प्रयत्न केला, पण माणसांच्या गर्दीजवळ आलं की पाय ब्रेकवरून निघेचना, मागे गाड्यांची रांग लागायची. कंपनीने त्यांना डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायला बसवलं. काडीला संघातून काढलं, मग वर्षभराने परत घेतलं. तो अधूनमधून फोन करतो. दोघं क्रिकेटवर अक्षर बोलत नाहीत, गुडघेदुखीवर बोलतात.

आणि मग एका चषकात आमचा संघ चक्क जिंकला. शहर वेडं झालं. आमच्या घरी सासरे सोडून सगळे नाचत होतो. संघ परतला त्या दुपारीही आमचा नाच चालूच होता, आणि ते टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले. या वेळी बस पुढच्या गेटातून निघाली, उघड्या टपाची, नवी. तिच्यापुढे लहान मुलं पळत होती, माणसं कडेला लटकत होती, चाकांना चिकटून चालत होती. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता. उजवा पाय फरशीवर दाबून धरलेला.

"अरे हळू घे," ते पडद्यातल्या ड्रायव्हरला सांगत होते. "डावीकडे बघ. डावीकडे."

सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. नाच थांबवून आम्हीही डावीकडे बघू लागलो. बस मैदानाच्या गेटात शिरेपर्यंत आमची नजर तिथून हलली नाही.