कोरड्या नळाचे वीस सेकंद

मी एका साहेबाला खोटं हसवलं होतं. तेही एका बाईच्या रडण्यावर. वर स्वतःवर इतकी खूश झाले की सगळ्या ऑफिसला भेळ खाऊ घातली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत केबल नुकती आली होती. आमचे शेठ लग्नाच्या व्हिडिओंच्या जोडीला आठवड्याला पंधरा मिनिटं शहराच्या बातम्या दाखवायचे. बातम्या आणायची मी, वाचायची मी आणि आरशासमोर तासन्‌तास 'नमस्कार' घोटायची तीही मीच. एडिटिंग मात्र गांगुर्डेकाकांचं.

काका कामाला बसले की आधी टीव्हीवर टॉवेल टाकायचे आणि अख्खी कॅसेट नुसती ऐकायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, पडदा बिघडलाय. काका म्हणाले, "चित्र लय गोडबोलं असतं, ताई. आधी आवाज ऐकावा, मग तोंड बघावं. पोरगी बघायला जाणारे उलटं करतात, म्हणून फसतात."

त्या आठवड्यात सोसायट्यांच्या मागच्या वस्तीतले नळ कोरडे पडले होते. काका त्याच वस्तीत राहायचे, सायकलला कॅन लटकवून पाणी भरायचे आणि मगच कामावर यायचे. आम्ही तिथल्या शांताबाईंशी बोललो, नंतर पाणीखात्याच्या साहेबांशी. "पाणी रोज येतं," साहेब म्हणाले. पुढे चहा आला, कुणीतरी विनोद केला आणि साहेब खदखदून हसले. कॅमेरा चालूच होता. शांताबाईंचंही तसंच झालं होतं. बोलून झाल्यावर कॅमेरा बंद झाला असं समजून त्या पदरात तोंड घालून रडल्या होत्या.

काका जेवायला गेल्यावर मी दोन तुकडे जोडले. आधी शांताबाईंचं रडणं, लगेच साहेबांचं हसणं, आणि त्यावर माझा थरथरता आवाज. शेठ म्हणाले, "वा! आग लावलीत!" मग भेळ.

काकांनी ते बघितलं. "साहेब हसला चहावर. बाई रडली पाण्यावर. ही गाठ कुणी मारली?"

"मी!" अजून मान ताठच होती माझी.

"मग सोडा."

"अहो काका, तुमच्याच वस्तीचं पाणी आहे ना?"

"म्हणूनच. माझ्या घरच्या बाजूनं खोटी साक्ष मला चालत नाय."

तेव्हा एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवत जोडावं लागे. मधला एक तुकडा काढला की पुढचं सगळं नव्यानं करायचं. काकांनी ते केलं. हसणं काढलं आणि रडणंही काढलं. मी उसळले, "रडणं तर खरं होतं!"

"खरं होतं. पण ते तिनं आपल्याला दिलेलं नव्हतं."

मग ठेवलं काय? साहेबांचं "पाणी रोज येतं" आणि त्याला लागूनच शांताबाईंनी कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवलेला नळ. फुस्स. नुसती हवा. वीस सेकंद. तिथली माझी लाडकी वाक्यंही गेली. "नळ बोलतोय, ताई. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये."

दुसऱ्या दिवशी शेठनी साहेबांना आधीच दाखवायला बोलावलं. केबलवर जायला तासभर होता. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "हा नळ फार लांबतोय. कापा."

"कापतो ना, लगेच," शेठ म्हणाले.

काका उठले नाहीत. "साहेब, तुमचं एक हसणं यात होतं. ते मी काढलं, कारण खोट्या जागी लागलं होतं. हा नळ खरा हाय, तो राहील. मी एक सेकंद वाढवला नाय. वाढवला असेल तर तुमच्या खात्यानं."

"गांगुर्डे, कापा, नाहीतर उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले.

काकांनी पेचकस घेतला. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असे, ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नसे. कट्‌! कॅसेट टेबलावर ठेवून आणि जेवणाचा डबा पिशवीत टाकून ते निघून गेले ते कायमचे. पुढे त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची टपरी टाकली आणि शेवटपर्यंत तीच चालवली.

शेठ माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला येतं ना एडिटिंग? करा पटकन दुसरी कॉपी."

"मला? छे हो! त्या दिवशी चुकून जमलं." मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर सेलोटेप चिकटवला की तीच कॅसेट पुन्हा वापरता येते, हे शेठना माहीत नव्हतं. मला होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले, आणि नळ वीसच्या वीस सेकंद गंगापूर रोडच्या घराघरांत फुसफुसला.

काकांना भेटायला वस्तीत गेले तेव्हा शांताबाई दारातच दिसल्या. पाणी अजून आलं नव्हतं. ज्या घरी त्या भांडी घासायच्या, तिथल्या हॉलमधे उभं राहून त्यांनी बातमी बघितली होती. आता मला बोलणी बसणार, म्हणून मी आधीच पडेल चेहरा केला. त्या म्हणाल्या,

"ताई, मी रडले ते दाखवलं नाय, लय बरं झालं. मला त्याच घरात उद्या भांडी घासायला जायचंय. आन्‌ पाणी आमी रडून नाय मागत, हक्कानं मागतोय."