शेवटच्या सायकलमागे

शर्यतीत जो सगळ्यांत मागे पडलेला असतो, त्याच्याही मागून एक सायकल चालत असते. ती माझी. शर्यत भरवणारी मुलं तिला 'स्वीप' म्हणतात. आमच्या मसुऱ्यात मला सरळ 'शेपटी बाई' म्हणतात, आणि तेही तोंडावर. म्हणोत बापडे. उभा जन्म सायकलवरून शाळेत शिकवायला गेले, निवृत्त झाल्यावर शेजारणींच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकत बसण्यापेक्षा हे बरं.

काम दिसायला सोपं. शेवटच्या स्वाराच्या मागे राहायचं, वाटेवरच्या झाडांना बांधलेल्या लाल रिबिनी सोडत यायचं, कोणी बिस्किटांची पाकिटं टाकली असतील तर शिव्या घालत उचलायची. आणि काही झालं तरी शेवटच्याच्या पुढे जायचं नाही. त्याला धक्का द्यायचा नाही, त्याच्या सायकलला बोट लावायचं नाही. बोट लागलं की तो शर्यतीतून बाद. पडला, लागलं, तर गोष्ट वेगळी. हौशी लोकांची शर्यत, बक्षीस म्हणजे एक ढाल आणि काजूगराची पिशवी, पण नियम म्हणजे नियम. बैठकीत हा नियम सगळ्यांत मोठ्यानं कोण वाचून दाखवतं? मीच. मास्तरीणपणाची खोड, ती काय जातेय!

त्या वर्षी माझ्या नवऱ्यानं शर्यतीत नाव घातलं.

आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवली. कुडाळ-मालवण, नाहीतर आडगावातल्या मुक्कामाच्या गाड्या. आमच्याकडचे रस्ते म्हणजे एका बाजूला चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी माडाची बाग, आणि समोरून वाळूचा ट्रक. अशा ठिकाणी गाडी मागे घेत घेत दुसऱ्याला साईड द्यायची, हात बाहेर काढून 'जावा, जावा' म्हणायचं, यात ह्यांचं आयुष्य गेलं. मग साखरेनं डोळ्यांचा पडदा धरला. तपासणीत डॉक्टरांनी शेरा मारला, आणि निवृत्ती अगदी तोंडावर आलेली असताना ह्यांना गाडीवरून उतरवलं. तेही कसं? हे मुक्कामाची गाडी घेऊन गेलेले. सकाळी ती परत आणायला दुसराच ड्रायव्हर हजर. हे आपल्याच गाडीत मागच्या सीटवर बसून, उतारूसारखे घरी आले. पुढे कधीतरी जेवता जेवता एकदाच म्हणाले, "येक फेरी तरी शेवटच्या थांब्यापर्यंत माझी मी न्हेवक व्हयी होती." मी आमटी वाढली.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून हे सायकल चालवायला लागले. दर रविवारी माझ्याबरोबर त्याच वाटेनं. जवळचं नीट दिसतं, लांबचं जरा पुसट, असं सांगायचे. नाव घातलं तेव्हा मी म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण कशाक?" तर म्हणाले, "तोंडवलीक पोचतलंय, तू बघ." तोंडवली म्हणजे शर्यतीचा शेवट. यातलं फेरीचं दुखणं मला कळलं, म्हणून अडवलं नाही.

वाट अशी. मसुऱ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर सुरुवात. तिथून काजूच्या बागांतून घाटी उतरायची, खाडीकाठ धरायचा, मग खाजण ओलांडून सुरूच्या बनातून तोंडवलीच्या वाळूत शेवट. खाजण ओहोटीला उघडं असतं, भरतीला बुडतं. म्हणून त्याच्या अलीकडे दोरी. पाणी चढायला लागलं की दोरी आडवी, आणि मग तिथं कुणाची ओळख चालत नाही. पलीकडे दुसरा स्वीप असतो, माझी हद्द दोरीपर्यंत.

सुटले तेव्हा हे मधल्या घोळक्यात होते. सडा मोकळा, त्यामुळे मला मागून सगळं दिसत होतं. मागच्याला पुढे जायचं असेल तर त्यानं आवाज द्यायचा, पुढच्यानं सोयीची जागा आली की बाजू द्यायची, अशी रीत. पुण्याची एक मुलगी मागून ओरडली, "काका, डावीकडून!" झालं! हे खाली उतरले, सायकल पार गवतात घेतली, आणि हात हलवून, "जा गो बाय, सावकाश जा, फुडे खडी आसा." मग कोल्हापूरचे एक गृहस्थ आले. त्यांना साईड. मग मुंबईची तीन पोरं. तीही गेली. एकानं थँक्यू म्हटलं, तर ह्यांनी विचारलं, "खंयचे तुमी?" बाजू द्या असं लिहिलंय, कुळाची चौकशी करा असं कुठं लिहिलंय? मी मागून दात खात होते. "वशाड मेली ती साईड," माझ्या तोंडून गेलंच. सडा संपेपर्यंत ह्यांच्या मागे माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

"बरा झाला, तूच आसंस," हे मागे न बघता म्हणाले. "साईड व्हयी?"

"गप चला," मी म्हटलं.

मला हसूही येत होतं. ते काजूच्या बागेत संपलं.

बागेतली नेहमीची पाणंद त्या दिवशी बंद होती. मालकानं आदल्या दिवशी चिरे आणून टाकले होते, म्हणून पोरांनी सकाळी वाट वळवली होती आणि वळणावरच्या काजीला हातभर लांब रिबीन बांधली होती, वाऱ्यानं फडफडणारी. ती ह्यांच्या नाकासमोर होती. हे सरळ गेले. चिऱ्यांच्या ढिगाशी पुढचं चाक आपटलं तेव्हा थांबले.

वाट चुकली तर सांगायची स्वीपला मुभा असते. "अवो, उजवीकडे! रिबीन बांधल्यानी आसा ती!"

"हां, म्हायत आसा," हे म्हणाले. सायकल वळवली, आणि एक हात पुढे करून गडगा कुठं संपतो ते चाचपून बघितलं. डोळ्यांनी नाही, हातानं. मी रिबीन सोडायला उभी राहिले होते, ती तशीच राहिली. इतके रविवार हा माणूस माझ्यापुढे सायकल चालवत होता, वळणं घेत होता, खड्डे चुकवत होता. सगळं पाठ होतं म्हणून. बदललेलं काहीएक दिसत नव्हतं.

मग मी बघायलाच लागले. काजूचा वाळका पाला गुडघाभर साचतो, त्याखाली जांभ्याचे गोटे असतात. डोळसांचीसुद्धा तिथं भंबेरी उडते. ते लांबून रंगाचा फरक बघून चाक वळवतात. हे गोट्यावर चाक चढलं की मगच वळवत होते. दोनदा आडवे होता होता राहिले. प्रत्येक वेळी माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला.

घाटीच्या तोंडाशी हे उतरले आणि सायकल हातात धरून निघाले. तेही कडेकडेनं, गडग्याला खांदा घासत. का, तर चालत उतरणाऱ्यानं चालवणाऱ्याची वाट अडवू नये! अडवणार कुणाची, मागे मी एकटी. पण नियम ह्यांनी माझ्या तोंडून ऐकलेले, ते पाळणारच. पाऊल पुढे टाकून आधी दगड आहे का ते बघायचे, मग वजन द्यायचे. खाली खोल व्हाळ, ओढ्याचं पात्र, कोरडं, नुसत्या दगडांनी भरलेलं. एका ठिकाणी ह्यांचा पाय मोकळ्यावर पडला, सायकलच्या ब्रेकवर माणूस लटकला आणि कसाबसा सावरला. गोटे घरंगळत खाली गेले. ते पडल्याचा आवाज बराच उशिरा आला.

"अवो, पुरे आता," मी म्हटलं.

"पुरे कसला? अर्धी वाट झाली."

"काय दिसता तुमका?"

हे थांबले. "वाट म्हायत आसा माका," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा पाऊल चाचपलं.

आता मी करू काय? एक बोट लावलं असतं तर शर्यत संपली असती. माझ्याच हातानं. एकदा गाडीवरून उतरवला गेलेला माणूस, त्याला पुन्हा उतरवायचं, ते बायकोनं? आणि नाही लावलं तर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत व्हाळात जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. शर्यतीचा राग आला, रिबिनींचा आला, ज्या डॉक्टरानं व्यायाम करा म्हणून सांगितलं त्याचासुद्धा आला. ह्यांच्यावर मात्र रागावता येईना. घाटी संपेपर्यंत मी सगळ्या देवांना हाक मारली, आणि ह्यांच्या पाठीवरची नजर हलवली नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

उतरले. कसे, ते त्यांचं त्यांना माहीत. खाडीकाठची मऊ, सपाट वाट लागली आणि हे सायकलवर बसले ते एकदम पोरासारखे सुटले. ही वाट तळहातासारखी ठाऊक. आडवी एक म्हैस होती, तिचा वास आला असेल, तोंडानं भोंगा वाजवला, "पॉम, पॉम!" म्हैस हलली. "बघलंस?" हे ओरडले. बसवर असताना मान जशी ताठ असायची तशी ताठ झाली होती. कित्येक वर्षांत मी ह्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. मला वाटलं, देवा, एवढी एक फेरी होऊ दे. खाजण ओलांडलं की सपाट वाळूच आहे, तिथं पडले तरी काय होणार आहे?

वळण घेतलं आणि मला दोरी दिसली. आडवी.

दोरीपाशी आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर होते. "काकानू, थांबा! थांबा!" ते ओरडले. ह्यांनी आवाजावर ब्रेक मारला. दोरी छातीला लागली तेव्हा ती आहे हे ह्यांना कळलं.

"काकानू, पाणी चढूक लागला. शेवटची सायकल आताच गेली."

"खंय आसा पाणी?" हे म्हणाले.

सरांनी हात केला. खाजणाच्या मधोमध पाणी आलं होतं, उन्हात चकाकत होतं. पुढे गेलेल्या सायकलींच्या चाकांच्या रेघा त्यात जाऊन बुडत होत्या. पलीकडे सुरूची झाडं स्पष्ट दिसत होती, आणि झाडांपाशी हात हलवणारी माणसं.

हनुवटी वर करून हे तिकडे बघत राहिले. मान या बाजूला करून बघितलं, त्या बाजूला करून बघितलं.

"सगळा कोरडा आसा," हे म्हणाले. "सोडा माका."

सर हसले. "काकानू, मस्करी करतास?"

"मस्करी कित्याक करू? दिसता ना माका. चिखलसुद्धा नाय. भरतीक अजून येळ आसा. मी काय आजचो आसंय हयसर?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं खोटं मला लांबून ओळखू येतं. हे खोटं नव्हतं. ह्यांना खरोखरच तिथं कोरडी वाळू दिसत होती. सरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. दोरीपाशी थांबलेल्याचा नंबर काढून घ्यायचा तो स्वीपनं. इतरांना मी म्हणते तसं शाळेच्या भाषेत म्हणायला गेले, "आपली शर्यत इथं..." आणि ते वाक्य अर्धंच सोडलं.

"अवो," मी म्हटलं, "पाणी आसा."

हे माझ्या आवाजाकडे वळले. नजर माझ्या चेहऱ्याच्या थोडी बाजूला लागली होती.

"तुका दिसता?"

"दिसता."

"खूप आसा?"

"मधी गुडघ्याभर झाला आसतला. वाढता."

ह्यांनी पुन्हा एकदा तिकडे तोंड केलं. मी वाट बघत होते की आता चिडतील, दोरीखालून जातील, सरांना चार शब्द सुनावतील. त्यातलं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मगे आसतला," हे म्हणाले.

सायकलवरून उतरले. हँडलला बांधलेला नंबर स्वतःच सोडला आणि माझ्या दिशेनं धरला. मी घेतला. थांबलेल्यांना परत न्यायचा टेम्पो वर रस्त्यावर उभा होता, तिथवर चिऱ्यांची उंचसखल चढण. आता शर्यत संपली होती, सायकलला हात लावायला हरकत नव्हती, म्हणून मी पुढे होऊन हँडल धरलं. ह्यांनी ते सोडलं. मग रिकामा झालेला हात हवेत चाचपत माझ्या दंडापर्यंत आला, आणि माझा दंड ह्यांनी घट्ट धरला. रस्त्यात, चार माणसांत, आजवर कधी धरला नव्हता.

"चल गो," हे म्हणाले. "माका दिसना नाय."