चंदेरी कागदातल्या बाटल्या

माझी थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं मदतनीस आहेत. उंदरांचे पिंजरे धुवायचे, बुरशी वाढवायची, तिचा अर्क काढायचा, वहीत नोंदी ठेवायच्या. त्यांचे प्रोफेसर त्या खोलीत यायचे ते फोटो काढायची वेळ झाली की. कुजक्या लाकडावरच्या एका बुरशीतून वन्संनी पिवळाधमक अर्क काढला, आणि फुप्फुसं निबर होत जाणाऱ्या आजाराचे उंदीर त्यावर तगले. हे पहिल्यांदा पाहिलं वन्संनी, जगाला सांगितलं प्रोफेसरांनी.

मग एक मोठी औषध कंपनी दारात आली. स्वतः काही शोधायचा या लोकांना कंटाळा. दुसऱ्याच्या परसात काय उगवलंय ते बघत हिंडायला पगारी माणसं ठेवायची, आणि त्याला भागीदारी म्हणायचं. त्यांचा भागीदारीप्रमुख पिंजऱ्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातच उभा राहिला, आणि तिथूनच आपण भारावून गेल्याचं त्याने सांगितलं. करारावर सह्या झाल्या. प्रोफेसरांना कंपनीच्या सल्लागार मंडळात खुर्ची मिळाली. वन्संना मिळाली काय काय बांधून पाठवायचं त्याची यादी.

त्यांनी अर्काची एकेक बाटली चंदेरी कागदात गुंडाळली आणि खोक्यात वरच चिठ्ठी ठेवली: उजेड लागू देऊ नये.

आठ महिन्यांनी कंपनीने कळवलं, की अर्कात काही दम नाही, त्यांच्याकडचे उंदीर पटापट मेले. प्रोफेसरांचं तोंड एवढंसं झालं. खुलाशासाठी बोलावणं आलं तेव्हा त्यांनी वन्संना सोबत नेलं, वह्यांचं ओझं उचलायला.

कंपनीची इमारत सगळी काचेची. बैठकीआधी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवली, तेव्हा वन्संना भल्यामोठ्या खिडकीखाली आपल्या बाटल्या दिसल्या, उघड्यावाघड्या, आतला पिवळा रंग उडून पाणी झालेल्या. त्या तशाच पुढे बैठकीला जाऊन बसल्या. पुढे मला म्हणाल्या, "ही माणसं किती पाण्यात आहेत, ते आधी बघू म्हटलं."

दोन तास बघितलं. प्रमुखाने पडद्यावर आलेख दाखवत समजावलं, की छोट्या प्रयोगशाळांना शिस्त नसते, त्यांच्या नोंदींवर विसंबता येत नाही, हौसेपोटी नको ते दिसतं. प्रोफेसर नंदीबैलासारखे मान डोलावत होते. ज्या कामाला आपलं नाव लावून मिरवले, त्याची बाजू घ्यायला त्यांच्या तोंडून एक शब्द निघेना. शेवटी प्रमुखाने, रीत म्हणून, कुणाला काही विचारायचंय का असं विचारलं.

"बाटल्यांचा कागद कुणी काढला?" वन्सं म्हणाल्या.

खोलीत बरीच चुळबुळ झाली. कागदासकट बाटल्या यंत्राच्या खाचेत बसत नव्हत्या, असं तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं. चिठ्ठीचं काय केलं, तर हाताने लिहिलेल्या सूचना नोंदवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

"हे तुम्ही योग्य मार्गाने कळवायला हवं होतं," प्रमुख म्हणाला.

"चारच शब्द होते, साहेब. तुमच्याकडे एकाला जरी वाचता आलं असतं, तरी उंदीर वाचले असते."

नवा अर्क गेला, कागदासकट. उंदीर जगले. लगेच कंपनीने जाहीर केलं, की तिच्या तज्ज्ञांनी औषध उजेडापासून जपण्याची अभिनव पद्धत शोधली आहे. पेटंटच्या अर्जात दहा नावं होती. त्यात नाकाला रुमाल लावणारा होता, प्रोफेसर होते, वन्सं नव्हत्या. त्यांनी विचारलं तेव्हा प्रोफेसर म्हणाले, आपण सगळे एका कुटुंबातले, नावात काय आहे. वन्संनी त्यांच्या टेबलावर वह्या ठेवल्या आणि पुढचा अर्क आता घरच्यांनी काढावा, असं सांगून रजेवर गेल्या.

घरच्यांना तीन आठवड्यांत एक थेंब जमला नाही. वर कंपनीच्या वकिलाला घाम फुटला, कारण खरा शोधणारा वगळला तर पेटंटच बाद होऊ शकतं. कृतज्ञतेने नाही, भीतीने अकरावं नाव चढलं, तेही आडनाव चुकवून. वन्संनी ते दोनदा परत पाठवून दुरुस्त करून घेतलं, मगच कामावर गेल्या.

पुढे औषध माणसांवर गेलं. पहिल्या चाळीस रोग्यांपैकी तेवीस जणांचा आजार जागच्या जागी थांबला. कंपनीने मोठा समारंभ केला, आणि या खेपेला वन्संना पुढच्या रांगेत बसवलं. प्रमुख हसतमुखाने हात पुढे करत आला. त्यांनी विचारलं, "उरलेल्या सतरांचं कसं आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, एवढं मात्र त्याने सांगितलं, आणि तो पुढच्या पाहुण्याकडे वळला. वन्सं जेवणासाठी थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषध देणाऱ्या इस्पितळात फोन लावला आणि सतराही जणांची विचारपूस केली. त्यातले चार वारले होते. त्या दिवशी त्या माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, की अर्क बहुतेक अजून घट्ट काढायला हवा.